सेकंडहँड टू-इन-वन घेताना: स्टँडखालचा चिकट चौकोन

मिरजेत मी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. करोनात फोनसमोर वही धरून शिकवलं, तेव्हापासून मनात होतं की पडद्यावर पेनाने लिहिता येईल असं काहीतरी घ्यावं. पडदा कीबोर्डपासून काढला की टॅबलेट, खटकन जोडला की लॅपटॉप, तसलं. दुकानदार त्याला टू-इन-वन म्हणतात. आमच्या घरी त्याचं नाव पहिल्या दिवसापासून 'काढघालीचा लॅपटॉप'.

नवा घ्यायला गेलं की आधी नुसत्या टॅबची किंमत सांगतात. कीबोर्डचे वेगळे, पेनाचे वेगळे. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोसारख्या बऱ्याच मॉडेलांना हाच हिशेब आहे, आणि तिन्हींची बेरीज माझ्या ऐपतीबाहेरची होती. मग जुना शोधायला लागलो. एका खरेदी-विक्रीच्या साइटवर जाहिरात सापडली: कंपनीत वापरलेला, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, 256 जीबी, कीबोर्ड आणि पेनसकट, फिक्स 26,500.

फोन केला. मुलगा इतका गोड बोलला की काय सांगू. "सर, तुम्ही शिक्षक आहात म्हणून पहिल्यांदा तुम्हाला दाखवतो." पहाटेची एसटी धरून स्वारगेट, तिथून हिंजवडी. त्याच्या ऑफिसात बोलवेल असं वाटलं होतं, पण भेट झाली चहाच्या टपरीवर. "आमच्या कंपनीने जुना स्टॉक काढला सर, मी वीस पीस उचलले." बिलाचं विचारलं तर, "लॉटचं एकच बिल आहे, व्हॉट्सॲप करतो." ते बिल अजून यायचंय.

यंत्र सुरू होतं. पडदा स्वच्छ, स्पर्श चांगला, कीबोर्ड जोडला की लगेच टाइप होत होतं. पेनाने मी उभ्या उभ्या 'श्री' काढला, उमटला. मागचा स्टँड उघडला तेव्हा आत अंगठ्याला काहीतरी चिकटलं. काडेपेटीएवढा चौकोन, स्टिकर खरवडून काढल्यावर मागे गोंद राहतो तसा. "चार्जरचं स्टिकर होतं सर," तो म्हणाला. चार्जरचं स्टिकर टॅबच्या पाठीवर कशाला लावतील, हा प्रश्न मला परतीच्या एसटीत, कराडच्या पुढे आल्यावर पडला. तोवर यूपीआयने पैसे गेले होते, तेही त्याच्या नावावर नाही, कुण्या बाईच्या नावावर.

पहिला दणका पेनाचा. ऑनलाइन तास सुरू होता, विषय वर्गसमीकरणं. टपरीवर मी उभा होतो, मनगट हवेत होतं. घरी बसून लिहिताना मनगट पडद्यावर टेकणारच. ते टेकलं की तिथेही रेघ उमटायची. अधिक पाचच्या शेजारी आडवी रेघ पडली आणि एका पोरीने विचारलं, "सर, ते वजा आहे का?" तासभर मी मनगट उचलून धरलं, रात्री खांद्याला बाम लावला. नंतर कळलं की त्याने दिलं ते रबरी टोकाचं साधं पेन होतं. त्यापेक्षा बोटाने लिहिलेलं काय वाईट! या टॅबचं खरं पेन टोक पडद्याच्या जरा वर असतानाच पडद्याला कळतं, खाली बारीक ठिपका दिसतो, आणि ते लिहीत असताना मनगटाकडे पडदा दुर्लक्ष करतो. शिवाय एका कंपनीचं पेन दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर चालेलच असं नाही. तेव्हा दाखवायला पेन दिलं तर खुर्ची मागून घ्या, बसा, मनगट टेकवा आणि दोन ओळी लिहा. 'श्री' काढून काही कळत नाही.

मुलाला फोन लावला तर म्हणाला, "ओरिजिनल पेन देतो ना सर, पुढच्या आठवड्यात." मी त्यावरही विश्वास ठेवला. बायको म्हणाली, "अहो, तो तुम्हाला सर म्हणतो एवढंच तुम्हाला आवडतंय." खरं होतं.

दुसरा दणका दिवाळीत. पुण्याला इंजिनिअरिंग करणारा पुतण्या घरी आला होता. टॅबवर 'यूजर' नावाचं खातं बघून म्हणाला, "काका, आधीच्या माणसाचं काही राहायला नको. रिसेट मारून नीट सेटअप करू." तासाभरात विंडोज कोरं झालं. भाषा विचारली, वाय-फाय विचारलं, आम्ही घरचं वाय-फाय जोडलं. पडदा क्षणभर काळा झाला, मग वर एका मोठ्या कंपनीचं नाव आलं, 'स्वागत आहे', आणि खाली एकच रिकामा रकाना: कंपनीचा ईमेल टाका. कंपनीचा खातेदार असल्याशिवाय पुढे जाता येईना. पुतण्या गप्प झाला, मग हळूच म्हणाला, "काका, हा तुमचा नाहीये."

त्याने समजावलं ते असं. मोठ्या कंपन्या आपल्या यंत्रांवर मालकीचं स्टिकर लावतात, तो चिकट चौकोन त्याचाच असावा. शिवाय ती यंत्रं विंडोज ऑटोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत नोंदवतात. ही नोंद यंत्रात नसते. हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर लिहिलेली असते. त्यामुळे फॉरमॅट करा नाहीतर विंडोज नव्याने टाका, पहिल्या सेटअपला नेट मिळालं की मालकाचं नाव वर येतं. पण नेट न जोडता सेटअप उरकला तर यंत्र बिनबोभाट चालतं, पुढे नेट जोडलं तरी. मला विकणाऱ्या त्या मुलाने नेमकं तेच करून ठेवलं होतं. अशा यंत्रात सेटिंग्ज कितीही उघडून बघा, संशय यावा असं काही सापडत नाही. रिसेटनंतरच पितळ उघडं पडतं. म्हणून पैसे देण्याआधी रिसेट मारायला लावायचा, तुमच्या स्वतःच्या फोनचं हॉटस्पॉट जोडायचं आणि तुमचं खातं उघडेपर्यंत समोर बसायचं. तासभर जातो. "वेळ नाही सर" म्हणाला तर तीच एसटी धरून परत या.

त्या कंपनीला ईमेल केला. उत्तर सभ्य आलं: सीरियल नंबर कळवा, खरेदीचं बिल पाठवा, मग नोंद काढण्याचा विचार करू. बिल कुठून आणू? सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यात हवालदारांनी अर्ज घेतला आणि विचारलं, "मास्तर, चोरीचा निघाला तर तुमच्याकडूनच जप्त होईल, माहीत आहे ना?" हे डोक्यातच आलं नव्हतं. मुलाचा नंबर तेव्हापासून बंद आहे.

शेवटी गावातल्या रिपेअरवाल्याकडे गेलो. निदान आतली बॅटरी, डिस्क तरी विकता येईल असा माझा भाबडा हिशेब. त्याने तो तिथेच मोडला. या प्रकारात प्रोसेसर, बॅटरी, सगळं पडद्याच्या मागे, आणि पडदा गोंदाने चिकटवलेला. उघडताना काच गेली की संपलं. कीबोर्ड म्हणजे नुसतं झाकण, त्याचं काय येणार?

"पण तुम्ही टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "पाचशे द्या. नेट न जोडता सेटअप मारतो, पहिल्यासारखा चालेल. मग ऑनलाइन टाकून मोकळे व्हा. वीसला सहज जाईल."

बोलता बोलता त्याने स्टँड उघडला आणि तो चिकट चौकोन नखाने खरवडायला लागला. "आधी हे थिनरने पुसून घेऊ, गिऱ्हाईक विचारतं."

राहू दे म्हणालो आणि टॅब पिशवीत घातला.