अर्धी ओढलेली ट्रिम

काइटबोर्डिंग म्हणजे काइटच्या ओढीवर, पायाखालच्या फळीवरून पाण्यावर घसरण्याचा खेळ. त्यासाठी नवी काइट घेताना माणूस दहा जणांना विचारतो, बार, म्हणजे चार दोऱ्यांनी (लाइन्सनी) काइट चालवायचा दांडा, मात्र मिळेल तो उचलतो. मीही तेच केलं. माझी १२ चौरस मीटरची काइट धडधाकट होती, तिच्यासोबतचा बार दमला होता. सेकंडहँडमध्ये शोधताना एक जाहिरात दिसली: 'जेमतेम एक सीझन वापरलेला, २०१७चं मॉडेल, आयएसओ प्रमाणित क्विक रिलीज, कुठल्याही काइटला चालेल.'

क्विक रिलीज म्हणजे संकटात काइट झटकन सोडून देणारी कळ.

विकणारा बोलायला गोड. 'अहो, मी स्वतः वापरलाय, तुम्हाला खराब वस्तू कशाला देऊ?' चारही लाइन्स सारख्या लांबीच्या आहेत का, असं मी विचारलं. शहाणपणाचा प्रश्न विचारला म्हणून स्वतःवर खूशही झालो. दहा मिनिटांत त्याचा व्हिडिओ आला. एका खांबाला चारही लाइन्स अडकवलेल्या, बार हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) बाजूला पूर्ण आत ओढलेला, आणि बारची दोन्ही टोकं अगदी सरळ रेषेत. तिरपेपणा नाही, झोळ नाही. क्लीटखाली ट्रिमच्या दोरीचं टोक लोंबत होतं, साधारण वीतभर. ते मला दिसलं होतं. दिसूनही त्याचा अर्थ लागला नाही, तिथेच मी फसलो.

नव्या मंडळींसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी लबाडी या वीतभर दोरीत होती. पुढच्या दोन लाइन्स काइटची बहुतेक ओढ सोसतात आणि हार्नेसला येऊन मिळतात. मागच्या दोन बारच्या टोकांना बांधलेल्या असतात. बार आपल्याकडे ओढला की मागच्या ताणल्या जातात, काइटचा वाऱ्याशी होणारा कोन वाढतो आणि ताकद वाढते. बार लांब सोडला की ताकद उतरते, म्हणजे डिपॉवर. ट्रिम हे याच हिशेबाचं दुसरं बटण. ट्रिमची दोरी ओढली की पुढच्या लाइन्स आखूड होतात, त्यामानाने मागच्या सैल पडतात, आणि वारा वाढला तरी बार हाताच्या आवाक्यात ठेवून उभं राहता येतं. काही बारांवर यासाठी बकलचा पट्टा असतो, काहींवर क्लीट, म्हणजे दोरी दाताखाली धरून ठेवणारी खाच. क्लीटमध्ये दोरी सहसा वरच्या पुलीतून फिरून खाली येते, त्यामुळे १० सेंटीमीटर दोरी ओढली तर लाइन्स ५ सेंटीमीटर आखूड होतात.

आता पुढच्या लाइन्सवर सतत भार असल्यामुळे त्या वापराने लांबतात, मग डायनिमाच्या, म्हणजे अतिमजबूत कृत्रिम धाग्याच्या, का असेनात. मागच्या तेवढ्या लांबत नाहीत. वाळू-मिठाने उलट थोड्या आखडतात. असा जुना बार लावला की काइट कायम थोडी ओढून धरल्यासारखी वागते. मागे मागे बसते, वळताना अडखळते, डोक्यावर नेली की पुढे सरकण्याऐवजी शेपटीकडून कोसळते.

म्हणून लाइन्स मोजायच्या त्या ट्रिम पूर्ण सोडून. त्याने मोजल्या ट्रिम ओढून. वीतभर दोरी क्लीटखाली घेतली की लांबलेल्या लाइन्स व्हिडिओत तरी सरळ दिसतात. मी नंतर स्वतः खांबाला बांधून, ट्रिम सोडून मोजलं तेव्हा पुढच्या लाइन्स मागच्यांपेक्षा ९ सेंटीमीटर लांब निघाल्या. १८ सेंटीमीटर दोरी, भागिले २. हिशेब चोख होता त्याचा.

पण हे मोजलं नंतर. आधी पाण्यात गेलो.

वारा १६ नॉट्सच्या आसपास. काइट उडाली ती जरा सुस्त वाटली, म्हणून ट्रिम निम्मी ओढली आणि ती शहाण्यासारखी वागू लागली. मला वाटलं, नव्या बारचा स्वभाव वेगळा असेल. प्रत्यक्षात निम्मी ट्रिम लाइन्सची लांबी भरून काढण्यात संपली होती, वाऱ्यासाठी उरली होती फक्त निम्मी. अर्ध्या तासात झुळका २२-२३ वर गेल्या. मी उरलेली ट्रिमही ओढली. पुढच्याच झुळकेत क्लीटमधून दोरी सरकली. सुटली नाही, सरकली, घसरगुंडीवर पोर सरकावं तशी. ट्रिम सरकते तेव्हा पुढच्या लाइन्स लांब होतात, म्हणजे काइट ताकद वाढवते, तेही नेमकं जेव्हा तुम्ही ताकद कमी करायला ट्रिम ओढलेली असते. बार पुढे ढकलला तर तो लगेच स्टॉपरला, म्हणजे बार अडवणाऱ्या गोळीला, भिडला, कारण थ्रो, म्हणजे बार सरकण्याचा पल्ला, मुळातच तोकडा. दोनदा तोंडावर आपटलो. तिसऱ्या वेळी क्विक रिलीज ढकलला, तर तोही वाळू भरल्यासारखा अडखळत उघडला. काइट एका पुढच्या लाइनवर फडफडत पाण्यात पडली. गुडघा खरचटला आणि पाणी पोटात गेलं, एवढ्यावर निभावलं. आसपास दगड असते तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता.

घरी येऊन बार उघडला. डिपॉवर लाइन, म्हणजे बारच्या मधल्या छिद्रातून जाणारी जाड दोरी, बाहेरून नवी दिसत होती. मग क्लीटवरचं कापडी कव्हर सरकवलं, ट्रिम सोडली, आणि तिथे दोरीचं कवच सोलून निघालेलं, आतले धागे पिंजलेले. क्लीटच्या जागी दोरी इतकी झिजायला कारण नाही. ती झिजते बारच्या छिद्रात, जिथे बार सतत वर-खाली होतो. थोडक्यात, त्याने पूर्ण दोरी काढून उलटी ओवली होती. झिजलेलं टोक वर कव्हरखाली, चांगलं टोक खाली, जिथे फोटोत दिसतं.

दोरी उलटवणं हे पाप नाही, बरेच जण झीज वाटून घ्यायला ते करतात. पण झिजलेला भाग बारीक होतो, आणि तोच भाग क्लीटच्या दातांत आला तर क्लीटला धरायला काहीच राहत नाही. त्यात या क्लीटचे दात नखाने चाचपले तर बोथट. म्हणजे झीज लपवण्याची जी युक्ती, तीच मला तोंडावर पाडायला कारणीभूत. कोरड्या हाताने, अंगणात उभं राहून ओढून बघितलं तेव्हा दोरी धरलेली होती. ओली होऊन माझं सगळं वजन तिच्यावर आलं तेव्हा नाही.

'आयएसओ प्रमाणित' हे तर मी आधीच पकडायला हवं होतं. काइटबोर्डिंगच्या रिलीज सिस्टिमचं आयएसओ २१८५३ हे मानक प्रसिद्ध झालं २०२० साली. २०१७च्या बारवर त्याचा शिक्का असण्याचा प्रश्नच नाही. एका ओळीत दोन दावे शेजारी-शेजारी, आणि मी वाचून पुढे गेलो!

'कुठल्याही काइटला चालेल' याबद्दल थोडक्यात. पुढच्या लाइन्सना दोन फाटे कुठे फुटतात, बारजवळ की काही मीटर वर, हे काइटच्या बनावटीप्रमाणे ठरतं. काही काइट खाली फाटा असलेली रचना मागतात, काही वर. माझ्या काइटच्या निर्मात्याने पुस्तिकेत जे सांगितलंय ते या बारमध्ये नव्हतं. जोडणीच्या गाठी आणि फासेही उलटसुलट होते, म्हणजे गाठीला गाठ. पुढच्या-मागच्या लाइन्सची अदलाबदल होऊ नये म्हणून निर्माते गाठ आणि फासा मुद्दाम वेगवेगळा ठेवतात. तो बचाव इथे गेला. शिवाय तो तोकडा थ्रो. २००५ च्या सुमारास बो काइट (धनुष्यासारख्या, सपाट) आल्या आणि जवळपास पूर्ण डिपॉवर मिळू लागला, त्याआधीच्या सी-काइटच्या (इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या काइटच्या) काळातले बार कमी पल्ल्याचे असत. हा बार तेवढा जुना नसावा, पण त्याचा स्टॉपर खाली सरकवून तिथेच आवळून टाकला होता, बहुधा त्या उलटवलेल्या दोरीची लांबी कमी पडली म्हणून.

विकणाऱ्याला फोन केला. आवाज तोच, गोड. 'अहो, तुम्ही वापरून परत कसं म्हणता? तुमच्या वजनाने लांबल्या असतील.' एका अर्ध्या तासात ९ सेंटीमीटर. दोरी उलटी का ओवली, असं विचारलं तर म्हणाला, 'मेंटेनन्स म्हणतात त्याला.' त्यानंतर नंबर लागेनासा झाला. जाहिरात ज्या ठिकाणी होती तिथे तक्रार केली, तर 'वस्तू चालू स्थितीत पोहोचली' असं उत्तर आलं. व्हिडिओही मीच पुरावा म्हणून दिला होता, त्यात लाइन्स सरळच दिसतात ना.

आता कुणी बार दाखवला की मी फक्त तीन गोष्टी मागतो, पैसे देण्याआधी. ट्रिम पूर्ण सोडलेली, बार पूर्ण आत, आणि लाइन्स खांबाला, असा एक व्हिडिओ, क्लीट सतत फ्रेममध्ये. स्टॉपर वर सरकवून डिपॉवर लाइनचे इंचाइंचाचे फोटो, कव्हर काढून. आणि क्विक रिलीज ओला करून, भार लावून तीनदा उघडताना. भार कसा लावायचा हे विचारणाऱ्याला सांगतो: चिकन लूपमध्ये, म्हणजे बारखालच्या कड्यात, हार्नेसचा हुक अडकव आणि मागे रेल. प्रामाणिक माणूस कटकट करतो पण पाठवतो. एकाने तर व्हिडिओ काढताना स्वतःच ओळखलं की त्याच्या लाइन्स ३ सेंटीमीटरनी गेल्या आहेत आणि त्याने विकायच्या आधी बदलल्या. गेल्या वर्षी दोघांनी मात्र 'एवढा संशय असेल तर नवा घ्या ना' म्हणून फोन ठेवला. ठेवू दे.

परवा त्या गोड माणसाची आणखी एक जाहिरात दिसली. नाव बदललेलं, बार वेगळा, खांब तोच. व्हिडिओत चारही लाइन्स सरळ, बारची टोकं एका रेषेत. या वेळी मी आवाज बंद केला आणि लाइन्सकडे न बघता क्लीटकडे बघत बसलो. खाली वीतभर दोरी लोंबत होती.