नरक्याची पूड आणि नोटा तपासायचा दिवा

फिकट पिवळी पूड, काचेची इवलीशी बाटली, वर छापील लेबल, सोबत शुद्धतेचं प्रमाणपत्र. २५० मिलिग्रॅम, १८,५०० रुपये. तासिका तत्त्वावर शिकवत पीएचडी करणाऱ्याला ही रक्कम म्हणजे काय, ते त्यालाच माहीत. गेल्या महिन्यात सोलापुरातल्याच दुसऱ्या कॉलेजातल्या एका मुलीला ही पूड मला कॅम्प्टोथेसिन, म्हणजे झाडातून निघणारं एक रसायन, म्हणून विकणाऱ्या त्याच माणसाचा मेसेज आला, 'कॅम्प्टोथेसिनचा नवा लॉट आलाय मॅडम'. म्हणून लाज गुंडाळून लिहितोय.

पेशीतल्या डीएनएला पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम त्याचा एक धागा कापतं, पीळ सोडवतं आणि धागा परत सांधतं. माझे वडील यंत्रमागावर आयुष्यभर तुटलेलं सूत सांधत आले, त्यामुळे मला हे शिकवावं लागलं नाही. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागी जाऊन बसतं आणि सांधू देत नाही. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळं केलं. नेमकं कुठल्या एन्झाइमला अडवतं ते १९८५ मध्ये कळलं. वाणी आपल्या नंदुरबारचे. आणि १९७२ मध्ये हाच पदार्थ सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडला.

हे सगळं मीच त्या माणसाला सांगितलं होतं. तो आमच्याकडे काचसामान द्यायला यायचा, गोड बोलायचा, प्रत्येकाला 'सर'. पुढच्या खेपेला नंदुरबारची गोष्ट त्यानेच मला ऐकवली, वर म्हणाला, "सर, आपल्याच डोंगरातलं झाड, आपल्याच माणसाचा शोध, मग परदेशी कंपनीला पैसे का मोजायचे? आमचा माणूस कोकणात काढतो." दर कंपनीच्या निम्म्याहून कमी. मी विरघळलो. बिल मागितलं तर "जीएसटीचं नंतर बघू", पैसे मात्र लगेच, तेही फर्मच्या नाही, कुणा तिसऱ्याच्याच वैयक्तिक यूपीआयवर.

पूड दाखवताना त्याने ती उघड्या हाताने कागदावर ओतली होती. हा पदार्थ पेशी मारतो, त्याच्यापासूनच पुढे टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन ही कॅन्सरची औषधं झाली. खरी पूड हाताळणारा माणूस हातमोजे घातल्याशिवाय बाटलीचं झाकणसुद्धा उघडत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी त्याच्या साधेपणाचं कौतुक करत बसलो.

प्रयोग कांद्याच्या मुळांवर होता. सोलापुरात कांद्याला काय तोटा! पूड डीएमएसओ या द्रावकात विरघळवायची, मग पाण्यात पातळ करून वेगवेगळे डोस द्यायचे आणि मुळाच्या टोकाशी किती पेशी विभागताहेत ते मोजायचं. माझं द्रावण सगळ्यात मोठ्या डोसलाही काचेसारखं स्वच्छ. काय खूश झालो होतो! मुळं मात्र जोमाने वाढत राहिली, जशी साध्या पाण्यात. तीन महिने मी स्वतःलाच दोष देत होतो: स्लाइड नीट नाही, रंग नीट नाही, कांदेच जुने. गाइडसर काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

त्या माणसाला फोन केला तर म्हणे, "तुमच्या सोलापूरच्या उन्हाने खराब झालं असेल सर." एप्रिल होता, बाहेर ४२ अंश. क्षणभर पटलंही. ज्याला वितळायला २६० अंशांच्या वर तापवावं लागतं ती कोरडी पूड फ्रिजमध्ये ठेवून आमच्या उन्हाने जाते होय?

उलगडा झाला तो दाजींच्या कापडाच्या दुकानात. गल्ल्याशेजारी नोटा तपासायचा निळा-जांभळा दिवा असतो ना, तो बघताना डोक्यात आलं की कॅम्प्टोथेसिन अतिनील प्रकाशात लख्ख निळं चमकतं. दुसऱ्या दिवशी माझं द्रावण नेलं. सोबत पुण्याच्या एका मित्राने त्याच्या लॅबमधून दिलेले खऱ्याचे काही थेंब. मित्राची कुपी निळी पेटली. माझी काळोखात तशीच. दाजी म्हणाले, "ही नोट बाद."

मग कॉलेजात साखर ओळखायची बेनेडिक्टची चाचणी केली, अकरावीची पोरं करतात तीच. विटेसारखा लाल रंग. म्हणजे साखरेतलंच काहीतरी, वर पिवळा रंग चोळलेला. ते स्वच्छ द्रावण तर आधीच ओरडून सांगत होतं: कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. प्रमाणपत्र तेव्हा कुठे नीट वाचलं. लॉट नंबरच नव्हता, आणि तपासणीच्या आलेखावरची तारीख बाटलीवरच्या उत्पादनाच्या तारखेच्या दोन वर्षं आधीची! बाळाच्या जन्माआधीच बारशाचा फोटो.

पोलिसांत गेलो. समोरच्या साहेबांना हे ड्रग्जपैकी काही नाही एवढं पटवण्यातच अर्धा तास गेला. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, पण पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते अडवता येण्याची काही आशा. मी तीन महिन्यांनी गेलो. बिल नाही, फर्म नाही. अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे आहे. त्या माणसाचा नंबर बदललाय, डीपीतला मायक्रोस्कोप तोच.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, पैसे देण्याआधी चिमूटभर नमुना माग, पाण्याच्या दोन थेंबांत टाक आणि कुठल्याही दुकानातल्या नोटांच्या दिव्याखाली धर. निळं चमकलं म्हणजे शुद्धच असं नाही, पण नाही चमकलं तर पुढे बोलूच नकोस. तिने नमुना मागितला. उत्तर आलं नाही.

परवा नवी बाटली आली, रीतसर बिलासह, दोन महिन्यांच्या मानधनातून. मोठ्या डोससाठी डीएमएसओतले थेंब पाण्यात सोडले आणि पाणी गढूळ झालं. आता डोस कमी करावा लागणार, सगळा तक्ता नव्याने मांडावा लागणार. मी ते गढूळ बीकर उचलून दाजींच्या दुकानात घेऊन गेलो.