पाण्यात गेलेली पिकअप आणि ‘दुरुस्तीला’ नेलेला ईसीएम

कळंबोली, कामोठे, पनवेलच्या सखल भागात ज्यांची पिकअप किंवा छोटा टेम्पो रस्त्यावरच उभा असतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाण्यात गेलेली गाडी घरच्या घरी बरीचशी सावरता येते, हे खरं आहे. पण पाणी ओसरल्यावर ‘घरी येऊन चालू करून देतो’ म्हणत जे फिरतात, त्यांच्यातल्या एकाने गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, दुरुस्तीला म्हणून नेऊन आम्हाला चांगलंच धुतलं. तो कसं करतो हे कळलं तर पुढच्या पावसात कुणाचे तरी पैसे वाचतील.

आमचा धंदा भाजीच्या वाहतुकीचा. पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसीतून माल उचलायचा आणि खांदा कॉलनी, नवीन पनवेलच्या दुकानांत टाकायचा. गाडी डिझेलची, मी आणि धाकटा भाऊ आलटून पालटून चालवतो. कळंबोलीत पाणी का तुंबतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. सिडकोने हा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली वसवलाय. पावसाचं पाणी होल्डिंग पाँडमध्ये साठवायचं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडायचं, अशी मूळ योजना. आता त्या तळ्यांत गाळ साचलाय, खारफुटी वाढलीय आणि ती काढायची तर कोर्टाची परवानगी लागते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाणी रस्त्यावर येतं. त्या रात्री ते सीटपर्यंत चढलं होतं.

सकाळी भावाने एक काम फार चांगलं केलं. चावी फिरवली नाही, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पाण्यात गेलेल्या गाडीला सेल्फ मारून इंजिन जाम झालं, तर साध्या पॉलिसीत विमा कंपनी ते नुकसान बहुधा नाकारते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. नुसता थर्ड पार्टी असेल तर पुराचं काहीच मिळत नाही.

त्याच दुपारी तो मेकॅनिक आला. बाइकवर, पाठीला सॅक, हातात स्कॅनरचा टॅब. बोलणं मराठी, अदबीचं. ‘दादा, टोइंगला कशाला पैसे घालवता? गॅरेजात आता नंबर लागणार नाही. इथेच उघडतो.’ टोइंगवाले त्या दिवशी तोंडाला येईल तो भाव सांगत होते, त्यामुळे त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं.

आणि पहिल्या दिवशी त्याने काम खरोखर चांगलं केलं. एअर फिल्टर काढून फेकला. इंजिन ऑइल सोडलं, ते दुधाच्या चहासारखं आलं. गिअर बॉक्स आणि मागच्या हाउसिंगचं तेलही त्याने सोडायला लावलं, कारण ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, तिथेही पाणी शिरतं आणि हे अनेक मेकॅनिक विसरतात. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढलं. सेल्फ आणि अल्टरनेटर उतरवून सुकवले. मॅटिंग, सीट, दरवाजाचे पॅड सगळं आम्ही बाहेर काढलं. तो सांगत होता आणि आम्ही करत होतो. नंतर ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, ‘तुम्हाला संशय आला नाही?’ कशाचा येणार? माणूस कामात पक्का होता.

खेळ दुसऱ्या टप्प्यात सुरू झाला. सिलिंडरमधलं पाणी काढायचं म्हणून त्याने सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल उतरवले आणि ‘टेस्टिंगला टाकतो’ म्हणून सॅकमध्ये भरले. मग बॅटरी लावून टॅब जोडला. स्क्रीनवर लाल अक्षरांत बिघाडाच्या कोडची रांग. ‘बघा दादा, ईसीएम गेला. पाणी शिरलंय. नवीन घ्यायचा तर चाळीसच्या वर जाईल. माझ्या ओळखीत कार्ड रिपेअर होतं, अठरात करून देतो.’ ईसीएम डॅशखालून काढला, तोही सॅकमध्ये. दहा हजार यूपीआयने, आठ रोख.

इथे जरा थांबून सांगतो, कारण फसवणुकीची सगळी गोम या टॅबमध्ये आहे. पाण्यातून निघालेल्या कुठल्याही गाडीला स्कॅनर जोडला की कोड येणारच. कपलर, म्हणजे वायरींचे जोड, ओले असतात, अर्थिंगच्या बोल्टवर चिखल असतो, एखादा फ्यूज उडालेला असतो. त्यामुळे सेन्सरचा सिग्नल पोहोचत नाही आणि स्क्रीन लाल होते. आमच्याकडचं पाणी खाडीचं, खारट. त्याने कपलरच्या पिनांवर दोन दिवसांत हिरवट गंज धरतो. म्हणून आधी सगळे कपलर सोडायचे, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने बाहेरची खार पुसायची, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, नीट सुकवायचं, अर्थिंग घासायचं. मग कोड पुसून टाकायचे आणि पुन्हा स्कॅन करायचं. तेव्हा जे कोड उरतात, त्यांना अर्थ असतो. त्याने कपलर सुकवायच्या आधीच स्कॅन केलं. ते अजाणतेपणी झालं असं मला वाटत नाही.

तो परत आला तेव्हा नोझल आणि ईसीएम बसवून गेला. गाडी चालू होईना. ‘इमोबिलायझर मॅच करायला लागेल, प्रोग्रॅमिंगचे नऊ वेगळे.’ इमोबिलायझर म्हणजे योग्य चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा. भावाने म्हटलं, आधी गाडी चालू करून दाखवा. तो ‘लॅपटॉप घेऊन येतो’ म्हणाला आणि नंतर फोन उचलायचा बंद झाला.

शेवटी टो करून गाडी मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या मुलाने कपलर सुकवले, स्कॅनर लावला आणि आरसी मागितली. ईसीएमच्या आत गाडीचा चासी नंबर भरलेला असतो. आमच्या गाडीत निघाला भलत्याच गाडीचा. म्हणजे आमचा ईसीएम दुरुस्त झालाच नव्हता, तो बदलून कुठल्यातरी भंगारातला बसवला होता. मग नोझल बघितले. कॉमन रेलच्या, म्हणजे ईसीएमच्या हुकमावर डिझेल फवारणाऱ्या इंजिनाच्या, प्रत्येक नोझलवर कोड छापलेला असतो आणि तो ईसीएममध्ये भरावा लागतो. आदल्या वर्षी एक नोझल बदलताना मी चारही नोझलांचे फोटो काढून ठेवले होते. एकही कोड जुळला नाही. तो मुलगा म्हणाला, ‘काका, पाणी काढायला नोझल काढायची गरजच नव्हती. हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं असतं तरी निघालं असतं.’ त्याने गाडीखाली वाकून सायलेन्सरही तपासला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या धातूंसाठी ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात, तसंच इथे झालंय का ते पाहायला. तेवढं वाचलं होतं.

दुसरा फटका विम्याचा. आमची पॅकेज पॉलिसी, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी, होती आणि कंपनीला कळवलंही होतं. नुकसान तपासणारा कंपनीचा सर्व्हेअर यायच्या आत हा मेकॅनिक म्हणाला होता, ‘क्लेमचं टेन्शन घेऊ नका, बिल मी वाढवून देतो.’ सर्व्हेअरने उघडलेली गाडी पाहिली, भलताच ईसीएम पाहिला आणि तो व नोझल दोन्ही हिशेबातून वगळले. तसं असताना तो तरी काय करणार? वायरिंग, तेल, बेअरिंग, सीट यांचे पैसे मिळाले. तुमच्यावर वेळ आली तर पाण्याची रेघ दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ काढा, बॅटरी सोडा, आतलं पाणी-चिखल काढा, कंपनीला कळवा. पाना मात्र सर्व्हे झाल्यावरच लावा. आणि चासी नंबर, ईसीएमवरचं लेबल, नोझलचे कोड, बॅटरीचा नंबर यांचे फोटो आजच, कोरड्या दिवसात काढून ठेवा. एखादा भाग बाहेर न्यावाच लागला तर त्यावर पक्क्या मार्करने खूण करून तो आपणच घेऊन जायचा आणि काम होईपर्यंत तिथे बसायचं.

पोलीस ठाण्यात आधी ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ असं ऐकायला मिळालं. मग लेखी अर्ज दिला. सोपवलेली वस्तू परत न देता दुसरीच बसवली, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, विश्वासघात. फसवणूक म्हणून ३१८. सोबत यूपीआयचा उतारा, व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं, नोझलचे जुने-नवे फोटो आणि वर्कशॉपचा रिपोर्ट जोडला. अर्जाची पोच घेतली.

ग्राहक आयोगाबद्दल एक गैरसमज ऐकला, की गाडी धंद्याची असल्यामुळे तक्रार चालत नाही. तसं नाही. २०१९च्या कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याकरता घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत. गाडी तुम्ही स्वतः चालवता हे मात्र दाखवावं लागेल. कळंबोली म्हणायला नवी मुंबईत, पण जिल्हा रायगड, म्हणून आयोग अलिबागला. तक्रार ऑनलाइन करता येते, आणि काय करावं हे आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं.

गाडी आता चालते. नवीन ईसीएमचे पैसे भावाने सोसायटीच्या कर्जातून भरले. पोलिसांनी माझा जबाब घेतला आहे, आमचा ईसीएम सापडलेला नाही. त्या माणसाचा नंबर चालू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीचा फोटो जाऊन आता तिथे फ्रिज आणि वॉशिंग मशीन घरी येऊन दुरुस्त करण्याची जाहिरात आहे.