बायबलचा 'मान्यताप्राप्त' अभ्यासक्रम आणि आमचे २१,२४० रुपये

नाशिकमध्ये मुलांना घरीच शिकवणारी ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच. पण जी आहेत त्यांच्यापर्यंत सध्या एक गृहस्थ पोहोचतायत. तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी तीन वर्षांचा बायबल अभ्यासक्रम, पुस्तकं घरपोच, शेवटी 'आंतरराष्ट्रीय मान्यतेचं' प्रमाणपत्र. आमचे त्यात २१,२४० रुपये गेले. नाशिकरोडच्या एका ताईंचे जास्त गेले, आणि ते दुसऱ्याच वाटेने गेले. ती वाट जास्त धोक्याची आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

बाकीच्या विषयांची आम्हाला चिंता नव्हती. एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त शिक्षण मंडळ, आहे. दहावीला बसायला चौदा वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय घ्यायचे, त्या निकालावर अकरावीला प्रवेश मिळतो. अडलं होतं ते बायबलवरच. नोहा, दावीद, योना हे सगळं संडे स्कूलमध्ये कधीच होऊन गेलंय. आता मुलगी विचारते, कनानमधल्या लोकांचा संहार करायला देवाने कसं सांगितलं? शुभवर्तमानांत पुनरुत्थानाच्या सकाळी योहान एकट्या मग्दालीया मरीयेचं नाव घेतो, मार्क तीन बायकांची नावं देतो, मग खरं कोणाचं? या वयाला नुसत्या गोष्टी पुरत नाहीत. आणि मराठीत शोधायला जावं तर एकतर चित्रं रंगवायची पुस्तकं हाती लागतात, नाहीतर पाळक (पाद्री) होणाऱ्यांसाठीचे जाडजूड ग्रंथ. मधल्या वयासाठी आम्हाला तरी काही सापडलं नाही. या गृहस्थांनी नेमकी ती फट हेरली आहे.

त्यांचा नंबर आला महिला मंडळाच्या ग्रुपवरून. मेसेजची सुरुवात 'जय ख्रिस्त, सिस्टर'. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) दोन वडिलांची, म्हणजे पंचांची, नावं त्यांना ठाऊक होती, त्यामुळे मिस्टरही निर्धास्त झाले. (त्या दोघांना नंतर विचारलं. एकाशी कुठल्यातरी लग्नात हस्तांदोलन झालेलं, दुसऱ्यांना काहीच आठवेना.) भेटायला घरी नको म्हणाले, कॅनडा कॉर्नरला एका कॅफेत बोलावलं. सोबत फाइल, आणि फाइलमध्ये नमुन्याचा एक इंग्रजी धडा.

धडा उत्तम होता, यात वाद नाही. लूक १५, उधळ्या पुत्र. बाप जिवंत असताना वाटणी मागणं त्या काळी किती मोठा अपमान होता, यहुदी मुलाने डुकरं राखायची वेळ येणं म्हणजे काय, म्हाताऱ्या बापाने धावत सुटणं म्हणजे काय, आणि मोठा भाऊ शेवटी घरात गेला की नाही हे येशूने सांगितलंच नाही, तर का. मुलगी तिथेच थोरल्या भावाची बाजू घेऊन वाद घालू लागली. हा धडा अमेरिकेतल्या एका प्रकाशकाने स्वतःच्या साइटवर सगळ्यांना फुकट ठेवलेला नमुना आहे, हे आम्हाला नंतर कळलं. असे नमुने बहुतेक चांगले प्रकाशक ठेवतात.

मग आलं मान्यतेचं पुराण. दर वर्षाला एक 'क्रेडिट', तीन क्रेडिट झाले की प्रमाणपत्र, ते पुढे प्रवेशाला 'काउंट होतं'. यातला क्रेडिट हा शब्द तेवढा खरा आहे. अमेरिकेत हायस्कूलचा वर्षभराचा एक विषय म्हणजे साधारण १२० तासांचं एक क्रेडिट असा हिशेब चालतो. घरी शिकणाऱ्या मुलांची ही नोंद तिथे बऱ्याच राज्यांत आईवडीलच ठेवतात आणि गुणपत्रकही तेच बनवतात. म्हणजे बायबलच्या अभ्यासाला क्रेडिट देणारी तिथली मोठी संस्था कोण, तर त्या मुलाची आई. हे प्रमाणपत्र घेऊन नाशिकच्या कॉलेजात अकरावीच्या खिडकीवर गेलात तर समोरचा क्लार्क ते उलटंपालटं करून परत देईल.

किंमत १८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, आणि रविवारपर्यंत भरले तर तिसऱ्या वर्षाची पुस्तकं फुकट. पैसे संस्थेच्या नव्हे, एका व्यक्तीच्या यूपीआयवर. 'ट्रस्टचं खातं अपडेट होतंय, सिस्टर.' बिलात 'छापील पुस्तके' असं लिहून वर कर लावलेला. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. बिलावरचा जीएसटी क्रमांकही चौदा अक्षरांचाच भरला. खरा पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतो. असं बिल कोणी देऊ केलं तर आधी मोबाइलवर तो क्रमांक टाकून बघा, पैसे नंतर.

आलेल्या खोक्यात एकाच वर्षाचे, स्पायरल बांधलेले झेरॉक्स. प्रत्येक पानाचा तळ पांढरी पट्टी ठेवून झाकलेला. एका पानावर पट्टी सरकली होती, तिथे प्रकाशकाची ओळ दिसली: प्रती फक्त विकत घेणाऱ्याच्या स्वतःच्या कुटुंबापुरत्या काढाव्यात. म्हणजे कुठल्यातरी एका घरासाठी घेतलेला संच झेरॉक्स करून दारोदार विकला जातोय. पालकांसाठीची उत्तरांची वही नाहीच. ती नसेल तर असे अभ्यासक्रम चालत नाहीत, कारण प्रश्न मुलांना असतात आणि घाम आईला फुटतो.

आतला मजकूर तर दुसऱ्याच देशातल्या मुलांसाठीचा. पाठांतराची वचनं जुन्या किंग जेम्स भाषांतराच्या इंग्रजीत, इथे मुलं रविवारी मराठी शास्त्र वाचतात. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनवर अख्खा धडा, पण त्याचा मृतदेह आफ्रिकेतून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांतला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणारा जेकब वेनराइट आमच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकला, याचा पत्ता नाही. यात प्रकाशकाचा दोष नाही, त्याने ते नाशिकसाठी लिहिलंच नव्हतं. पण विकणाऱ्याने 'भारतीय मुलांसाठी खास' म्हणून विकलं.

याहून गंभीर म्हणजे शिकवणीचा प्रश्न. सातव्या धड्यात ठासून लिहिलंय की बाळपणी झालेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. १९७० मध्ये नागपूरला ही मंडळी एकत्र आली तेव्हा जाणत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही तिच्यात आले, त्यामुळे आमच्याकडे बालबाप्तिस्माही चालतो आणि जाणत्या वयातला बाप्तिस्माही. नाशिकरोडच्या ताई कॅथलिक. त्यांच्या बायबलात ७३ पुस्तकं, आणि हा अभ्यासक्रम ६६ वर अडून बसलेला. त्यांची मुलगी दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) तयारीत होती. 'सगळ्या मंडळ्यांना चालतो' हे एकच वाक्य विकणाऱ्याने दोन्ही घरांत सांगितलं होतं. असा अभ्यासक्रम घेताना प्रकाशकाचं विश्वासाचं निवेदन (तो काय मानतो ते लिहिलेलं) मागा आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन, उत्पत्तीचे पहिले अध्याय यांवरचे धडे आधी वाचा. उधळ्या पुत्रावर सगळ्यांचंच जमतं.

आम्ही पैसे परत मागितले आणि फोन बंद झाला. काही दिवसांनी ताईंना वेगळ्याच नंबरवरून फोन आला. आवाज एका बाईचा, अगदी गोड, 'ट्रस्टच्या रिफंड विभागातून'. क्यूआर पाठवते, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. ताईंनी पिन टाकला आणि खात्यातून ९,००० गेले. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार, समोरचा काहीही सांगो. मला तोच फोन दुसऱ्या दिवशी आला. मी मिस्टरांकडे दिला, आणि ते काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ताईंनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली म्हणून त्या ९,००० मधली काही रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली. ती हातात यायची आहे. ही मदत तासांच्या हिशेबात चालते, एकदा पैसे चारपाच खात्यांतून फिरले की संपलं. पहिल्या रकमेचं मात्र अवघड आहे. 'माल मिळाला आहे, हा व्यवहाराचा वाद आहे' असं आम्हाला ऐकवण्यात आलं. म्हणून आम्ही दोघी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे.

देवळाली, नाशिकरोड, शरणपूर, कुठेही असं खोकं आलं असेल तर रागाने रद्दीत घालू नका. बिल, यूपीआयची पावती, सगळे मेसेज आणि पट्टी सरकलेलं एखादं पान सापडलं तर ते, सगळं जपून ठेवा. तक्रारदार जितके जास्त, तितका 'व्यवहाराचा वाद' म्हणणं कठीण जाईल.