जुने गोवे येथील समाधिशिलांची फेरी: एक अभिप्राय

घरी पाहुणे आले की फोंड्याहून बस धरायची, बॉम जेझूची बासिलिका दाखवायची, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये एक चक्कर मारायची आणि दुपारच्या आत परतायचे, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. या साऱ्या खेपांत माझी नजर नेहमी वर, वेदीकडे आणि छताकडे राहिली. गेल्या महिन्यात माणशी 500 रुपये भरून एका स्थानिक गटाच्या तीन तासांच्या फेरीला गेलो, तेव्हा आयुष्यात प्रथमच मी या गावातील जमीन वाचली.

फेरीचा मोठा भाग सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये जातो आणि तो तसाच जायला हवा. आजची वास्तू 1661 सालची. तिचे काळ्या दगडाचे प्रवेशद्वार मात्र आधीच्या चर्चमधून जपून ठेवलेले आहे. आत पाऊल टाकले की आपण थेट थडग्यांवरच उभे असतो, कारण फरसबंदीतील कितीतरी दगड या समाधिशिला आहेत. गावोगावी आज चर्चजवळ दिसणारी भिंतीआडची दफनभूमी, जिला इथले लोक सिमितेर म्हणतात, ती नंतरची. आरंभीच्या काळात ऐपतदार वसाहतकरी चर्चच्या आतच पुरले जात.

आमच्या वाटाड्या बाईंनी सर्वांना गुडघ्यांवर बसायला लावले आणि हातातली बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. क्षणापूर्वी गुळगुळीत वाटणाऱ्या पृष्ठावर शिरस्त्राण, ढाल आणि तिच्याखाली अक्षरांच्या ओळी सावलीने उठून आल्या. एकाने अक्षरांत खडू भरून छायाचित्र काढण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी ती स्पष्ट नाकारली. खडू पुसताना दगडाचीही झीज होते, हे त्यांनी शांतपणे पटवून दिले. वाटाड्याची पारख मी अशाच प्रसंगी करतो.

शिलांवरचे पोर्तुगीज शब्द एकमेकांना चिकटून कोरलेले, जागा वाचवण्यासाठी अक्षरे एकमेकांत गुंतवलेली. काही अक्षरांवर एक नागमोडी रेघ असते. तिथे ‘न’ किंवा ‘म’ गाळला आहे, असे ती सांगते. आपला अनुस्वार हेच काम करतो, हे लक्षात येताच ती परकी लिपी मला एकदम ओळखीची वाटू लागली. ‘आकी जाश’, म्हणजे ‘येथे विसावला आहे’, हे दोन शब्द एकदा ओळखता आले की पुढचे नाव शोधता येते. मला सर्वांत मोलाचे वाटले ते ‘ही समाधी अमक्याची आणि त्याच्या वारसांची’ हे वळण. आपल्याकडच्या वतनपत्रांतील ‘पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने’ या शब्दांची मला तत्काळ आठवण झाली. 1510 मध्ये गोवे जिंकल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्कने आपल्या शिपायांना स्थानिक स्त्रियांशी विवाह करून इथेच घर मांडायला उत्तेजन दिले, आणि अशा संसारी वसाहतकऱ्यांना काझादो म्हणत, एवढे पाठ्यपुस्तकातून माहीत होते. पण जो माणूस नातवंडांसाठीही थडग्याची जागा राखून ठेवतो त्याच्या मनात परतीचा विचार उरलेला नाही, ही गोष्ट त्या एका ओळीने जितकी स्पष्ट सांगितली तितकी कोणत्याही पुस्तकाने मला सांगितली नव्हती.

लागूनच असलेल्या मठाच्या इमारतीत पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे आणि तेथे वीरगळ व सतीशिळा मांडलेल्या आहेत. एका भिंतीच्या अलीकडे बाहेरून आलेल्यांची स्मृतिचिन्हे आणि पलीकडे आधीपासून असलेल्यांची, दोन्ही दगडातच. या भागाला फेरीत जेमतेम दहा मिनिटे मिळाली, ही माझी पहिली तक्रार. वीरगळावरचे खालून वर चढत जाणारे कथन आणि समाधिशिलेवरचे कुलचिन्ह शेजारी ठेवून समजावले असते, तर फेरीचे मोल दुप्पट झाले असते.

शेवटचा टप्पा सेंट ऑगस्टीनच्या मठाच्या अवशेषांचा. 1835 मध्ये मठ ओस पडला, 1842 मध्ये छताची कमान कोसळली, आणि आज 46 मीटरचा बुरूज तेवढा उभा आहे. येथील समाधिशिला उघड्या आकाशाखाली गोव्याचा पाऊस झेलतात. याच परिसरात पुरातत्त्व खात्याला जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या मानल्या गेलेल्या अस्थी मिळाल्या. राणीला 1624 मध्ये शिराझ येथे ठार मारण्यात आले होते. जुन्या पोर्तुगीज नोंदींत दिलेली जागा आणि जमिनीवरचे अवशेष एकमेकांशी ताडून पाहिल्यामुळेच हा शोध लागला. हैदराबादच्या प्रयोगशाळेतील डीएनए तपासणीने त्याला बळ दिले आणि 2021 मध्ये त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला देण्यात आला. एखादी शिला हलवली किंवा उलटी बसवली, तर असा धागा कायमचा तुटतो.

दुसरी तक्रार भाषेची आहे. निवेदन इंग्रजीत झाले. विचारले तर बाई सुंदर कोकणी-मराठीत उत्तर देत, पण विचारावे लागे. ओळींचे वाचन आणि अर्थ देणारे मराठीतले एक पान जरी हाती दिले, तरी म्हापसा, डिचोली, पेडण्याची शाळकरी मुले स्वतः शिला वाचू लागतील. तसे मी त्यांना लिहून कळवले आहे आणि भाषांतरासाठी माझा वेळ देऊ केला आहे.

फेरी निश्चित घ्यावी, आणि सकाळची घ्यावी. दहानंतर पर्यटकांच्या बसगाड्या लागतात आणि तीच अक्षरे शेकडो पावलांखाली जातात. मधल्या वाटेवरच्या एका शिलेवर नावाचे पहिले अक्षर तेवढे उरले आहे. भिंतीकडेच्या तिच्या जोडीदार शिलेवर मात्र ढालीची कडासुद्धा बोटाला टोचते. शुक्रवारी संग्रहालय बंद असते, तो दिवस टाळावा. पायात मऊ तळव्यांची पादत्राणे असावीत, आणि शक्य तिथे शिलांच्या मधल्या सांध्यांवरून चालावे.