स्वाराच्या वजनाला जुळवलेली मोटारसायकल : एका सस्पेन्शन सेटअप सेवेचे परीक्षण

कारखान्यातून बाहेर पडणारी मोटारसायकल कोणा एका स्वारासाठी जुळवलेली नसते. निर्माता स्वाराचे एक सरासरी वजन गृहीत धरतो, त्याला साजेशी स्प्रिंग बसवतो आणि उरलेले काम प्रीलोडच्या (स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाच्या) रिंगवर व डॅम्पिंगच्या (स्प्रिंगची हालचाल आवरणाऱ्या विरोधाच्या) स्क्रूंवर सोडून देतो. बहुतेक गाड्यांच्या आयुष्यात त्या रिंगला आणि त्या स्क्रूंना कोणाचा हातही लागत नाही. केवळ सस्पेन्शनचे काम करणाऱ्या एका वर्कशॉपकडून मी माझ्या गाडीचा संपूर्ण सेटअप करून घेतला. सस्पेन्शनचे काम त्यांनी अतिशय निगुतीने केले. टायरकडे मात्र त्याच गांभीर्याने पाहिले नाही, आणि ही उणीव मला किरकोळ वाटत नाही.

प्रथम चांगल्या बाजूविषयी. गाडी आत घेताच कोणी पाना हातात घेतला नाही. रोज ज्या पोशाखात गाडी चालवता त्याच पोशाखात या, असे त्यांनी आधीच सांगितले होते, कारण हेल्मेट, जॅकेट आणि बूट यांचे मिळून काही किलो वजन सहज भरते आणि तेही स्प्रिंगलाच पेलावे लागते. मागचे चाक जमिनीपासून पूर्ण उचलून एक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक बिंदूपर्यंतचे अंतर मोजले. मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना तेच अंतर घेतले, आणि शेवटी मी दोन्ही पाय फूटपेगवर ठेवून नेहमीच्या बैठकीत बसलो असताना पुन्हा घेतले. पहिल्या मापातून दुसरे वजा केले की स्टॅटिक सॅग मिळतो आणि तिसरे वजा केले की रायडर सॅग. प्रत्येक माप दोनदा घेतले गेले : एकदा गाडी खाली दाबून हळूच सोडल्यावर आणि एकदा वर उचलून हळूच सोडल्यावर. सील आणि बुश यांच्या घर्षणामुळे ही दोन मापे जुळत नाहीत, म्हणून त्यांची सरासरी धरावी लागते. एक जण गाडी धरतो, एक जण मोजतो आणि स्वार वर बसतो, असे हे तिघांचे काम आहे. घरी एकट्याने ते नीट का जमत नाही, हे तेथे पाहताना लगेच लक्षात येते.

माझ्या गाडीच्या मागच्या चाकाची चाल, म्हणजे ते एकूण जेवढे वरखाली होऊ शकते ते अंतर, १३० मिमी आहे. रायडर सॅग ५२ मिमी भरला आणि स्टॅटिक सॅग १४ मिमी. रस्त्यावरच्या गाडीसाठी रायडर सॅग एकूण चालीच्या साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश असावा, असा सर्वमान्य आडाखा आहे. त्या हिशेबाने माझी गाडी मागे फार बसत होती. प्रीलोड वाढवून रायडर सॅग ४० मिमीवर आणताच स्टॅटिक सॅग अवघा २ मिमी उरला. अनेक वर्कशॉप या टप्प्यावर थांबतात, कारण रायडर सॅगचा आकडा आता योग्य दिसतो. येथील तंत्रज्ञ थांबले नाहीत. स्टॅटिक सॅग जवळजवळ संपला याचा अर्थ स्प्रिंग माझ्या वजनाला मऊ पडते आणि ती उणीव आपण प्रीलोडने झाकत आहोत, असे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. अशा गाडीत मागचा भार हलका झाला की चाकाला खाली पोहोचायला पुरेशी चालच उरत नाही, त्यामुळे ते जमीन सोडते. अधिक ताठ स्प्रिंग बसवल्यावर रायडर सॅग ४० आणि स्टॅटिक सॅग ८ मिमीवर आला, तेव्हाच त्यांनी मागचे काम पुरे झाल्याचे मानले.

प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा चुकीचा समज जाणत्या स्वारांमध्येही खोल रुजलेला आहे. सरळ दराची स्प्रिंग १ मिमी दबायला जेवढे बळ मागते, तेवढेच ती रिंग कितीही फिरवली तरी मागत राहते. रिंगने बदलते ती गाडीची उंची आणि सॅग. हे एवढे जरी प्रत्येक स्वाराला कोणी नीट सांगितले, तरी चुकीच्या दिशेने फिरवलेल्या कितीतरी रिंगा जागेवर येतील.

डॅम्पिंगच्या बाबतीतही क्रम योग्य होता. प्रत्येक स्क्रू आधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून, तेथून बाहेर किती क्लिक आहेत ते मोजून मूळ स्थिती लिहून ठेवली. नवी स्प्रिंग अधिक जोराने परतते, म्हणून तिला आवरण्यासाठी रिबाउंड डॅम्पिंग, म्हणजे परतीच्या हालचालीला होणारा विरोध, वाढवणे ओघानेच आले. येथे हात राखून काम करावे लागते. रिबाउंड कमी पडला तर गाडी उंचवट्यानंतर उसळत राहते. जास्त झाला तर ओळीने येणाऱ्या खड्ड्यांवर शॉक पूर्ण परतण्याआधीच पुन्हा दाबला जातो आणि गाडी हळूहळू खाली बसून लाकडासारखी ताठ होते. दुसरा दोष अधिक फसवा आहे, कारण स्वाराला वाटते की स्प्रिंगच कडक आहे, आणि तो नेमका उलटा उपाय करतो. चाचणीच्या फेऱ्यांत एका वेळी एकच बदल करायचा, त्याच रस्त्यावर तीच फेरी मारायची आणि मगच पुढचा बदल, हा नियम त्यांनी काटेकोरपणे पाळला.

पुढच्या फोर्कच्या नळीवर एक केबल टाय बांधला होता. जोरदार ब्रेकनंतर तो किती खाली सरकला यावरून चाल किती वापरली गेली हे कळते. तो जवळजवळ तळाला टेकत होता. त्यांनी जुने, काळवंडलेले तेल बदलले आणि नव्या तेलाची पातळी थोडी वर ठेवली. त्यामुळे नळीतील हवेची पोकळी लहान होते आणि चालीच्या शेवटच्या भागात फोर्क अधिक विरोध करतो, तर सुरुवातीचा मऊपणा फारसा बदलत नाही. ब्रेक लावताना पुढचा भाग आता खाली कोसळत नाही आणि वळणाआधी गाडी स्थिर राहते. सगळ्या कामातला हा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो.

हँडलचा कोन, लिव्हरची उंची आणि गिअर पेडलची जागा त्यांनी माझ्या हातापायांच्या मापाने लावून दिली. ते झटपट झाले आणि नीट झाले.

आता टायर. सेटअपची सुरुवात टायरपासून व्हायला हवी, हे माझे ठाम मत आहे, आणि या वर्कशॉपमध्ये ते शेवटी येतात. टायर हाही स्प्रिंगच आहे. त्यातील हवा चुकीची असेल, किंवा सरळ रस्त्यावर धावून त्याचा मधला भाग सपाट झाला असेल, तर वळणात शिरताना गाडी अडखळते आणि तो दोष फोर्कच्या माथी मारला जातो. माझा मागचा टायर मध्ये झिजू लागला होता. तो सॅग मोजण्याआधी पाहायला हवा होता, पण चाचणीच्या फेऱ्या संपल्यावर पाहिला गेला. त्याहून गंभीर बाब पुढे घडली. फेरीवरून परतलेल्या तापलेल्या टायरमध्ये ४० पीएसआय दिसताच मदतनीस हवा काढून ती निर्मात्याने सांगितलेल्या ३६ पीएसआयवर आणू लागला. तो आकडा थंड टायरसाठी असतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की टायरमधील दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. म्हणजे गरम टायर ३६ वर आणला, तर थंड झाल्यावर तो ३२ च्या आसपास उतरला असता, आणि सामान लादलेल्या किंवा डबलसीट गाडीत एवढ्या कमी हवेने टायर अधिक वाकतो व अधिक तापतो. मी थांबवल्यावर त्यांनी ते लगेच मान्य केले आणि गाडी पूर्ण थंड झाल्यावर दाब पुन्हा तपासला. स्वाराने न बोलता गाडी नेली असती, तर मात्र मिलिमीटरपर्यंत मोजलेले सस्पेन्शन चुकीच्या हवेवर धावले असते.

नवा टायर निवडताना त्यांचा सल्ला पुन्हा उत्तम होता. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब म्हणजे भरायचा दाब नव्हे. भरायचा दाब गाडीच्या पुस्तिकेत किंवा स्विंगआर्मजवळच्या (मागचे चाक धरणाऱ्या भुजेजवळच्या) पट्टीवर असतो, हे त्यांनी दाखवले. भार निर्देशांक ७३ असलेला टायर ३६५ किलो भार पेलतो, वेगाचे अक्षर डब्ल्यू असेल तर तो ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा असतो, आणि टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात बनला ते सांगतात, हे सारे टायर हातात धरून वाचून दाखवले. दिसायला भारदस्त वाटतो म्हणून रिमला न शोभणारा रुंद टायर घेण्यापासून त्यांनी शेजारच्या एका तरुणाला परावृत्त केले. ती विक्री त्यांनी स्वतःहून सोडली, याचा मला आदर वाटतो.

आणखी एक सूचना त्यांच्यासाठी. मागची उंची बदलली की चेनचा सैलपणा आणि हेडलाइटचा झोत हे दोन्ही बदलतात. ते मला आठवण करून तपासून घ्यावे लागले. ही दोन कामे त्यांच्या यादीत कायमची असावीत.

गाडीसोबत मिळालेल्या तक्त्यात एकट्याने आणि डबलसीट चालवतानाचा प्रीलोड, प्रत्येक स्क्रूचे क्लिक, तेलाची पातळी आणि दोन्ही टायरचा थंड दाब लिहिलेला आहे. ज्यांचे वजन निर्मात्याच्या गृहीतकापासून बरेच कमी किंवा जास्त आहे, अशांनी महागडा नवा शॉक घेण्याआधी ही सेवा जरूर घ्यावी. गाडीला डॅम्पिंगचे स्क्रू नसले, तरी योग्य स्प्रिंग आणि तेल यांनी बराच फरक पडतो. मात्र पाय जमिनीला टेकावेत म्हणून केवळ प्रीलोड कमी करून गाडी खाली बसवण्याचा आग्रह तेथे धरू नये. त्यांनी तो एका स्वाराला माझ्यासमोर नाकारला आणि आधी सीटचा फोम कमी करून पाहण्यास सांगितले.