पट्टेदार पँडॅनस: गच्चीवर तिन्ही ऋतू काढल्यानंतर

आधी काट्यांचं सांगते, कारण नर्सरीत ते कुणी सांगत नाही. पानाच्या दोन्ही कडांना करवतीसारखे बारीक वाकडे काटे असतात आणि पान उलटं केलं तर मधल्या शिरेवरही एक रांग सापडते. झाड हातभर असतं तोवर काही जाणवत नाही. पानं दोन-अडीच फुटांची होऊन बाहेर झुकायला लागली, की वाळत घातलेले कपडे काढायला जाणारा प्रत्येक जण एकदा तरी ओरखडून घेतो. आमच्याकडे आधी ओढणी अडकली, मग धाकट्याची पोटरी. आता कुंडी कोपऱ्यात आहे आणि तिच्याभोवती हात-दीड हात जागा मोकळी असते. अरुंद बाल्कनी असेल तर हे झाड घेऊच नका, हे माझं स्पष्ट मत. घरात रांगतं मूल असेल तर याचाच बुटका, पिवळ्या पट्ट्यांचा, बिनकाट्यांचा भाऊ 'बॅप्टिस्टी' मिळतो, तो घ्या. सोसायट्यांच्या फाटकाजवळ आणि हॉटेलांच्या बागांत हल्ली तोच लावलेला दिसतो.

नर्सरीत मला हे 'व्हेरिगेटेड पाम' म्हणून दाखवलं होतं. पण हा पाम नाही, केवड्याच्या कुळातला पँडॅनस आहे. पांढऱ्या कडांच्या या प्रकाराला 'व्हीची' म्हणतात, आणि ते नाव एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या व्हीच नर्सरीवरून पडलं. पामच्या पानाला देठ असतो, इथे देठ नाहीच. पानं थेट खोडाला बिलगलेली आणि पीळ घेत वर चढत गेलेली. झाडाच्या डोक्यावरून खाली बघितलं तर तीन रांगा गोल फिरत गेलेल्या दिसतात. खरं सांगायचं तर मी त्या पिळावरच भाळले, पट्टे नंतर.

पण पैसे आपण पट्ट्यांचेच मोजतो, आणि ते टिकवणं म्हणजे उजेड सांभाळणं. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. त्यामुळे झाड अन्न कमी बनवतं, हळू वाढतं, आणि तोच भाग उन्हाने आधी जळतो. माझी गच्ची पुण्यात, तोंड पश्चिमेला. मार्च संपताना दुपारच्या उन्हाने बाहेरच्या पानांच्या कडा कागदासारख्या तपकिरी झाल्या. वर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधली आणि त्यानंतर आलेली पानं स्वच्छ राहिली.

दुसरं टोकही बघून झालं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं तेव्हा कुंडी दिवाणखान्यात, खिडकीपासून बरीच आत ठेवावी लागली. त्या काळात फुटलेली पानं लांबुळकी, ढिली आणि जवळजवळ हिरवीच आली; पांढरी कड दोऱ्याएवढी. झाड पुन्हा उजेडात नेल्यावर ती पानं काही सुधारली नाहीत. जे पान जसं उमललं तसंच राहतं, बदल दिसतो तो फक्त पुढच्या पानात. म्हणून आज जागा बदलली तर निकाल महिन्या-दोन महिन्यांनी कळेल एवढा धीर ठेवा. सकाळचं थेट ऊन आणि दुपारची सावली ही याची आवडती जागा. नत्राचं खतही जपून घाला. मी महिन्याकाठी मूठभर गांडूळखत देते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि पावसाळ्यानंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) अगदी पातळ करून घालते. हिवाळ्यात काहीच नाही.

माती लाल, त्यात जाड वाळू, थोडं कोकोपीट आणि तळाला विटांचे तुकडे. नुसत्या कोकोपीटमध्ये झाड डोलायला लागतं, कारण वरचा भार मोठा असतो. कुंडी जड असावी, सिमेंटची असली तर उत्तम.

पाण्याबद्दल एक गोष्ट आमच्याकडे ठळकपणे दिसली. आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी सगळ्या कुंड्यांना घालायची आमची पद्धत. इतर झाडांनी ते मुकाट सोसलं, पण याच्या पानांची टोकं करपायला लागली. त्या पाण्यात क्षार जास्त असतात. जूनमधल्या पावसाने कुंडी नीट धुऊन निघाली आणि त्यानंतरची पानं टोकापर्यंत चांगली आली. आता याला नळाचंच पाणी, वरची दोन बोटं माती सुकल्यावर. थंडीत त्याहून कमी. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हे झाड नुसतं बसून राहतं. मूळ उष्ण समुद्रकाठचं कूळ, थंडी त्याला मानवत नाही. माझ्या नणंदेकडे रत्नागिरीत हेच झाड जमिनीत लावलंय. आमच्यापेक्षा लहान आणलं होतं, आता दुप्पट झालंय.

पावसाळ्यात मात्र एक कटकट आहे. पानं खोडाला जिथे बिलगतात तिथे पाणी साचतं आणि डासांना तेवढं पुरतं. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची माणसं कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायला येतात, पानांच्या बेचक्यांत कुणी डोकावत नाही. डासाच्या अळ्यांना आठवडा-दहा दिवस मिळाले तरी बास, म्हणून मी आठवड्यातून दोनदा पाइपचा जोरदार फवारा मारून बेचकी धुऊन काढते. शेंड्यातही पाणी तुंबू देऊ नका, कोवळा भाग सडतो.

किडीचा त्रास फारसा नाही. पिठ्या ढेकूण एकदा बेचक्यांत दिसला, कापसाच्या बोळ्याने पुसून नीमतेल मारलं, गेला.

खोडातून काठीसारखी मुळं बाहेर येऊन खाली उतरतात. ती कापू नका, झाड त्यांच्यावरच तोलून उभं राहतं. कुंडीत ती झाडाला थोडं वर उचलतात, तेव्हा वरून माती घाला. कुंडी बदलताना पानं गोळा करून गोणपाटात गुंडाळायची आणि सुतळीने बांधायची. चामड्याचे हातमोजे आणि लांब बाह्यांचा शर्ट हवाच. आमचे माळीकाका पहिल्यांदा "त्यात काय" म्हणाले, दुसऱ्यांदा स्वतःच गोणपाट घेऊन आले.

सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "याला केवडा येईल का?" सुवासिक कणीस नर झाडाला येतं, आणि शोभेच्या या प्रकाराला कुंडीत फूल येईल ही आशा धरू नये. तरी गणपतीच्या एकवीस पत्रींत केवडा असतोच, म्हणून त्यांनी गेल्या वर्षी याचं एक पान काटे काढून वाहिलं. चालतं की नाही यावर घरात अजून दोन पक्ष आहेत.

बुंध्याशी पिल्लं येतात, तीच खरी कमाई. वीतभर झाली की धारदार सुरीने काढायची, काप एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यायचा, मग मातीत लावायचं. सगळी पिल्लं आईसारखी येत नाहीत. पूर्ण हिरवं पिल्लू सगळ्यांत जोमाने वाढतं आणि मूळ झाडाला दडपतं, ते आधी काढून टाका. पूर्ण पांढरं आलं तर त्याच्यात जीव गुंतवू नका, स्वतःचं अन्न बनवता येत नसल्याने आईपासून तोडलं की मरतं. माझी दोन चांगल्या पट्ट्यांची पिल्लं सध्या सावलीत मुळं धरतायत. त्यातलं एक शेजारच्या काकूंना कबूल केलंय. त्यांच्या गच्चीवर दोऱ्या नाहीत, हे आधी विचारून घेतलं.